मदत हवी आहे: न्या. श्रीनिवासन यांची सिनेट प्रश्नावली

अमेरिकेच्या डी.सी. सर्किट अपील न्यायालयाचे न्या. श्री श्रीनिवासन यांच्यावर मराठीत लेख लिहितेय. जन्म चंडीगडचा, वाढले कॅन्ससमध्ये. ओबामांनी या पदासाठी जून २०१२ मध्ये नाव सुचवलं, ते जानेवारी २०१३ मध्ये सिनेटकडून परत आलं, लगेच पुन्हा पाठवलं गेलं आणि मे महिन्यात ९७-० मतांनी मंजूर झालं. एकही विरोधी मत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

फेडरल ज्युडिशियल सेंटर (अमेरिकी संघीय न्यायालयांची संशोधन संस्था) हिच्या साइटवरचा परिचय वाचलाय, सिनेट समितीतल्या सुनावणीचा व्हिडिओही पाहिलाय. विकिपीडिया नको, मूळ कागदच हवेत. पैसे भरून वापरायचे डेटाबेस परवडणारे नाहीत.

नाव परत आल्यावर उमेदवाराला सिनेट समितीची प्रश्नावली (स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) नव्याने भरावी लागते की जुनीच चालते? आणि श्रीनिवासन यांची प्रश्नावली मोफत कुठे वाचता येईल?