गोळ्या फुकट, बोलायला वेळ नाही : चिंतेच्या आजारावर सरकारी उपचार घ्यावेत का?

जनरल_शिफ्टवाला

आधी माझं सांगतो, मग भांडू.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडे सीएनसी मशिनवर आहे. गेल्या पावसाळ्यात मशिनवर उभा असतानाच छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या, दरदरून घाम, आता गेलोच असं वाटलं. सुपरवायझरने गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा तसंच आणि दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. तिसऱ्या खेपेला तिथल्या पोरसवदा डॉक्टरने हळूच सांगितलं, "दादा, हृदय ठणठणीत आहे. मानसोपचारवाल्यांना दाखवा." याला पॅनिक अटॅक म्हणतात हे तेव्हा कळलं.

कॉलेज रोडला एका खासगी ठिकाणी चौकशी केली. बैठकीचे १२०० रुपये, आठवड्याला एक, दहा-बारा तरी लागतील. घरी आलो आणि बायकोला सांगितलंच नाही. मग शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. केसपेपर फुकट (१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांना पैसे घेत नाहीत), गोळ्या फुकट. डॉक्टर चांगले होते, खोटं कशाला बोलू. पण मिळाली चार मिनिटं, आणि त्यातही दोनदा दार उघडून कोणीतरी सही मागितली. समुपदेशनाचं विचारलं तर मॅडम शिबिराला गेलेल्या. पुढच्या आठवड्यात गेलो तर मॅडमचं ट्रेनिंग. तिसऱ्यांदा गेलोच नाही. ओपीडी सकाळची, म्हणजे प्रत्येक फेरीला एक खाडा.

तर माझं म्हणणं असं की चिंतेच्या आजारावर सरकार अर्धाच उपचार देतं. उरलेला अर्धा, जो बसून बोलून होतो, तो ज्याच्या खिशात पैसे त्याचा. पटत नसेल तर सांगा.

गंगापूर_रोड_६८

आमच्या वेळी हे आजार नव्हते असं म्हणणार नाही, पण त्यांचा एवढा गाजावाजा नव्हता. रोज सकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जा. इगतपुरी हाकेच्या अंतरावर आहे, धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. तेही फुकटच आहे. गोळ्यांच्या नादी लागू नका, सवय लागते.

केळी_वेफर

काका, ज्याला स्वतःच्या छातीतली धडधड ऐकूनच घाम फुटतो, त्याला दहा दिवस मौनात बसवून "फक्त संवेदनांकडे बघ" म्हणायचं? तिथल्या अर्जातच मानसिक आजार आणि चालू गोळ्यांबद्दल विचारतात, ते उगाच नाही. शिवाय ठेकेदार दहा दिवस रजा देणार का, तेही विचारून सांगा.

आणि सवय सगळ्या गोळ्यांची लागत नाही. एस्सिटालोप्रामसारख्या गोळीचा गुण यायलाच दोन-चार आठवडे जातात. ती अचानक थांबवायची नसते एवढंच, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते ती क्लोनाझेपामसारख्या लगेच शांत करणाऱ्या गोळीची, म्हणून ती थोडे दिवसच द्यायची असते. लोक नेमकं उलटं करतात. पहिली पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून टाकून देतात आणि दुसरी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत राहतात.

सिस्टर_निवृत्त

मी सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा मानसोपचार विभागात. कुठे ते सांगत नाही. जनरल शिफ्टवाले दादा, तुमचा राग समजतो, पण चुकीच्या माणसावर निघतोय.

सोमवारची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. बाकावर एक म्हातारी बसलेली असते, पदराचं टोक तिने वीस वर्षांच्या मुलाच्या मनगटाला बांधलेलं असतं, कारण तो उठून पळतो. सुरगाण्याहून पहाटे निघालेली असते. तिच्यामागे फिटवाला, त्याच्यामागे दारू सोडायला आणलेला, मग पोलिसांनी आणलेला. दिव्यांग प्रमाणपत्रवाले वेगळेच. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायला घरच्यांना एकेक प्रश्न विचारावा लागतो, त्यात किती वेळ जातो ते बाहेरच्या रांगेला दिसत नाही. डॉक्टर एक, फार तर दोन. आता तुम्हाला ४५ मिनिटं दिली तर ती कोणाच्या वाट्यातून काढायची? त्या म्हातारीच्या?

तुम्ही कामावर जाताय, घर चालवताय, इथे एवढं मुद्देसूद लिहिताय. ज्याला झेपत नाही त्याला आधी बघणं याला मी अन्याय म्हणणार नाही.

कलम_१८

सिस्टर, मान ठेवून विरोध करतो. दोन गरजूंना एकमेकांसमोर उभं केलं की ज्याने माणसं भरायची तो नामानिराळा राहतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २०१८ पासून. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारने चालवलेल्या किंवा सरकारच्या पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे, आणि त्या परवडणाऱ्या, पुरेशा नि बऱ्या दर्जाच्या हव्यात असंही त्यात आहे. "आजार पुरेसा गंभीर नाही, उद्या या" असं कुठेही नाही. उलट ठरवलेल्या किमान सेवा जिल्ह्यात मिळत नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेऊन खर्च सरकारने सोसायचा, अशी तरतूद आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका ही पदं कागदावर आहेतच. प्रश्न ती भरण्याचा आणि भरलेल्या माणसाला खोलीत बसू देण्याचा आहे. तीच मॅडम शिबिर, ट्रेनिंग, शाळेतलं व्याख्यान आणि महिन्याचा अहवाल सांभाळणार असेल तर पेशंटसमोर बसणार कधी?

सिस्टर_निवृत्त

कायदा मीही वाचलाय, भिंतीवर लावायला मोठ्या अक्षरांत छापून आला होता. त्यातलं एक कलम घेऊन कोणी खिडकीवर आलेलं मी सहा वर्षांत पाहिलं नाही. पण शिबिराबद्दल तुमचं बरोबर आहे. मोजदाद शिबिरांची होते. एका माणसाशी पाऊण तास बोलल्याचा रकाना आमच्या रजिस्टरमध्ये नव्हताच. दीडशे माणसांचं व्याख्यान झालं की दीडशे "लाभार्थी".

बागेतली_वहिनी

मी फारसं लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही. सगळे शहराचंच बोलताय.

आमचं द्राक्षाचं रान. दोन वर्षांपूर्वी छाटणीनंतर अवकाळी आला आणि तेव्हापासून ढग दिसले की माझ्या पोटात गोळा यायचा. नवऱ्याला नाही, मला. रात्री तीनदा उठून मोबाईलवर हवामान बघायचे. सासूबाई म्हणायच्या हिला बाहेरचं काहीतरी झालंय, देवाला कौल लावू. आशाताई घरी आली होती, तिने सांगितलं, ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी जिल्ह्याचं पथक येतं, चला माझ्याबरोबर.

खोली कसली, लसीकरणाचीच. छताला बाळांच्या वजनाचा काटा लोंबत होता. मानसशास्त्रज्ञ ताई माझ्याहून लहान. मला वाटलं ही काय सांगणार. तिने एक साधी शंभरपानी वही घ्यायला लावली आणि पानाच्या मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे रात्री जी भीती वाटली ती लिहायची, उजवीकडे दुसऱ्या दिवशी खरं काय झालं ते. आणि हवामान दिवसातून दोनदाच बघायचं, सकाळी सात, संध्याकाळी सात. पहिल्या आठवड्यात मी चोरून बघितलं, तेही वहीत लिहिलं. पाच महिन्यांत आमच्या चारच भेटी झाल्या. एकदा पथक आलंच नाही. पण डावी बाजू हळूहळू आखूड होत गेली. गोळी होती, ती डॉक्टरांनी सात महिन्यांनी कमी करत आणली.

म्हणून सरकारी ठिकाणी बोलायला कोणी नाहीच, हे मला पटत नाही. रोज नाही, आठवड्यालाही नाही, हे खरं.

जनरल_शिफ्टवाला

वहिनी, तुमचं वाचून बरं वाटलं आणि थोडा हेवापण वाटला. तुम्हाला आशाताई घेऊन गेली. आमच्या पाथर्डी फाट्याच्या चाळीत कोण घेऊन जाणार? इथे रांगेत ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मी रुमाल बांधून गेलो होतो.

सिस्टर, तुमच्या म्हातारीपुढे मी काय बोलू. पण माझं आज बिनसलं नाही म्हणून मी रांगेच्या शेवटी, हे असंच चाललं तर एक दिवस मी पुढच्या रांगेत येईनच की.

सातपूरचा_युनियनवाला

जनरल शिफ्टवाले, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे का? २१,००० पर्यंत पगार असेल तर ठेकेदाराने काढलंच पाहिजे. पगारातून पाऊण टक्का जातो तो त्याचाच. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे, तिथून सुरुवात कर. आजारपणाच्या दाखल्यावर ७० टक्के वेतन मिळतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

जनरल_शिफ्टवाला

कार्ड आहे भाऊ. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत ना. माझा आजार आठवड्याला अर्धा दिवस मागतो, सलग आठ दिवस झोपून राहायला नाही मागत. आणि दाखल्यावर "मानसोपचार" दिसलं की ठेकेदार पुढच्या महिन्यात बोलावेल का?

सातपूरचा_युनियनवाला

हे शेवटचं बोललास ते खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कन्सल्टिंग_रूम

मी खासगीत समुपदेशन करते, त्यामुळे शिव्या खायला तयार होऊन लिहितेय. दिवसात पाचच्या वर माणसं मी मन लावून ऐकू शकत नाही, सहाव्याला फसवल्यासारखं होतं. १२०० मध्ये ते आहे, शिवाय खोलीचं भाडं. मात्र नुसत्या पाटीवर जाऊ नका, तीन महिन्यांचा कोर्स करूनही पाटी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, बेधडक विचारा.

आणि माझ्याच धंद्याच्या विरोधात एक सांगते. प्रत्येकाला आमच्यासारखीच माणसं लागतात असं नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून चिंता-नैराश्याच्या पेशंटशी बोलायला बसवलं होतं. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांतल्या पेशंटना त्याचा फायदा झाला होता. वहिनींची वही याच जातीची गोष्ट आहे.

सिस्टर_निवृत्त

छान. म्हणजे आशाताईंच्या पिशवीत अजून एक रजिस्टर. लस त्यांनी द्यायला लावायची, बाळंतपणं त्यांनी सांभाळायची, आता मनंही. वेगळा माणूस नेमा, वेगळा पगार द्या, मग गोवा सांगा.

कन्सल्टिंग_रूम

वेगळाच माणूस होता, सिस्टर. तोच तर मुद्दा आहे. आपल्याकडे आला की तो आधीच्याच कोणाच्यातरी डोक्यावर बसतो.

गंगापूर_रोड_६८

मी वर जे लिहिलं त्याचा सूर चुकला असेल. आमची ही रात्री उठून गॅस बंद आहे का बघते, चार-चार वेळा. मी तिला हसतो. हे त्यातलंच असतं का?

केळी_वेफर

असू शकेल काका, नसूही शकेल. हसू नका मात्र. १४४१६ ला फोन लावा, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, टेली मानस म्हणतात. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतः लावला तरी चालेल.

जनरल_शिफ्टवाला

तो मी लावलाय एकदा, रात्री अडीचला, संडासात बसून, घरचे जागे होऊ नयेत म्हणून. पलीकडच्या बाईने आधी विचारलं, आत्ता कुठे बसला आहात? सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. ती म्हणाली, असू द्या, पाय जमिनीला टेकलेत ना? ती रात्र निघाली. काका, खरंच लावा.

बाकी सगळ्यांचं वाचलं. सरकारी अर्धाच उपचार देतं हे माझं म्हणणं मी सोडत नाही, पण तो अर्धा मी तिसऱ्या फेरीआधीच टाकून आलो हेही आहे. गोळ्या संपून वीस दिवस झाले. वहिनी, तुमच्याकडे ते पथक कोणत्या वारी येतं? शहरातला माणूस चालतो का?

बागेतली_वहिनी

तालुका आणि वार खासगी निरोपात पाठवलाय. माझ्यासमोर तरी कोणी पत्ता विचारून परत पाठवलं नाही. निघायच्या आधी रुग्णालयात फोन करून पथक येतंय का विचारून घ्या, फेरी फुकट जायला नको. नऊच्या आत या, दहानंतर लसीकरणाच्या बाया आल्या की खोली मिळत नाही. येताना वही घेऊन या, रेघ मारून. ताई पहिल्यांदा तीच मागते.