आधी जांभळी नाका, मग तक्ते

प्रॉडक्ट डिझाइन शिकताना माणसांच्या शरीरमापांचे तक्ते आधी घोटून घ्यावेत, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. मी ठाण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकवते. पहिल्याच आठवड्यात मुलांना जांभळी नाक्यावर धाडते: ५ किलो भाजी, पातळ बंदांची पिशवी, स्टेशनपर्यंत चालत. पोचल्या पोचल्या बोटांवरचे लाल वळ पट्टीने मोजायचे. बंद रुंद केला की तेच वजन जास्त जागेवर पसरतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

तक्ते हवेतच. एनआयडीचं (अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचं) भारतीय शरीरमापांचं १९९७चं पुस्तक माझ्या टेबलावर कायम असतं. पण लोकलमधल्या कडीसाठी ५वा पर्सेंटाइल (शंभरात जेमतेम पाच जण ज्याच्या खाली असतात ते माप) धरायचा, कारण कमी उंचीच्या बाईचाही हात पोचायला हवा, आणि दाराच्या उंचीला ९५वा, हे टाचा उंचावून कडी धरल्यावरच उमजतं. सरासरी धरणाऱ्यांना मी परत गाडीत पाठवते.