दंगलीनंतरची कारवाई एकतर्फी झाली, हे कागदावर कसं दाखवायचं?

पांझराकाठ (धुळे)
जळगाव 1970 आणि धुळे 2013 या दंगलींनंतरच्या पोलिसी कारवाईवर आणि भरपाईवर टिपण करतोय. ‘एकाच बाजूची पोरं उचलली’ असं दोन्हीकडचे म्हणतात. अटकेचे आकडे पुरेत, की आणखी काही लागेल? सोबत अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या 1967 च्या दंगलीशी तुलना करायचा विचार आहे.

कोर्टकचेरी
नुसत्या अटका मोजू नका भाऊ, कलमं बघा. एकाच चौकातल्या दोन एफआयआर शेजारी ठेवा. एका जमावावर फक्त भादंवि (भारतीय दंड विधान) 147, म्हणजे दंगा, जामीनपात्र. दुसऱ्यावर त्याच दगडफेकीसाठी 147 सोबत 307 (खुनाचा प्रयत्न) आणि 353 (सरकारी नोकरावर हल्ला). 307 लागलं की जामीन अवघड होतो आणि दोषारोपपत्राला 60 ऐवजी 90 दिवस मिळतात. तेवढे दिवस पोरगा आत. (जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांत हीच कलमं भारतीय न्याय संहितेची 191(2), 109 आणि 132.)

‘अनोळखी 500 ते 600 इसम’ अशी ओळ असेल तर कोणाची नावं त्यात केव्हा घातली, ते रिमांड अर्जांवरून तारखेनिशी काढा. भेद बहुतेक वेळा या मागाहून घातलेल्या नावांत सापडतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंद केलेले गुन्हे. ‘अ समरी’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींत तेराशेहून जास्त गुन्हे असेच मिटले. पुढे कोर्टात गेलेल्या 253 खटल्यांपैकी 97 ‘डॉर्मंट फाइल’मध्ये, म्हणजे न चालवता बाजूला, पडून असल्याचं 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. कोणत्या मोहल्ल्यातल्या फिर्यादींची अ समरी झाली, हा रकाना तुमच्या तक्त्यात हवाच.

माहिती_अर्जदार
माहिती अधिकाराचा अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, म्हणून एफआयआर, समरी आणि भरपाई यांचे तीन अर्ज वेगळे. नावं मागू नका. ‘तपासाला बाधा’ म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ज) पुढे करतात. गुन्हा क्रमांक, कलमं आणि सद्यस्थिती एवढंच मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. दंगलीच्या एफआयआर ‘संवेदनशील’ ठरवून संकेतस्थळावर टाकतच नाहीत, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. जामिनाचे आदेश मात्र ई-कोर्टवर फुकट मिळतात.

गिरणा_७०
डेट्रॉइटमध्ये 43 मेले, त्यांतले 33 कृष्णवर्णीय. जळगावात 1970 साली योगायोगानं आकडा तोच, 43, आणि त्यांत 42 मुसलमान. पण तुलना इथे थांबवलीत तर टिपण फसेल. डेट्रॉइटमध्ये सात हजारांवर अटका झाल्या आणि न्यायाधीशांनी जामीन दहा हजार डॉलर नि त्याहून वर ठेवला. किरकोळ लुटीतल्या गरिबाला तो झेपणारच नव्हता. तिकडे भेद जामिनाच्या रकमेत, आपल्याकडे कलमात आणि तपासात. भिवंडीच्या विशेष तपास पथकानं दुजाभाव केल्याचं 1970 च्या भिवंडी-जळगाव दंगलींची चौकशी करणाऱ्या मादन आयोगानं स्पष्ट नोंदवलंय, त्यातला तपासाचा भाग आधी वाचा.

बाजारपेठ_यावल
भरपाईचं कोणी बोललं नाही. पंचनाम्यात ‘दुकान जळून खाक’ एवढंच असेल तर रक्कम ठरवायला काही उरत नाही. मालाची यादी, नग, अंदाजे किंमत आणि पंचांच्या सह्या हव्यात. जागा मालकाच्या नावावर आणि धंदा भाडेकरूचा असेल तर दोघांचे पंचनामे वेगळे करावे लागतात, नाहीतर पैसा मालकाकडे जातो आणि भाडेकरू कोरडा. गुमास्ता (दुकानाचा परवाना), लाइट बिल, जीएसटीची बिलं ज्याच्याकडे आहेत त्याचं नुकसान लिहिलं जातं. हातगाडीवाल्याचं कुणी लिहीतच नाही. तुमच्या तक्त्यात मागितलेली आणि मंजूर झालेली रक्कम समोरासमोर ठेवा.

आणि नावांवरून धर्म लावताना जपून. पटेल, देशमुख दोन्हीकडे आहेत. यावल, रावेर, चोपड्याचे तडवी धर्मानं मुसलमान, पण अनुसूचित जमातीत. जमातीला धर्माची अट नाही. त्यामुळे तडवी माणूस मारला गेला, आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असला आणि अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं, तर 2016 च्या सुधारित नियमांप्रमाणे सव्वाआठ लाख मिळतात, निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. फिर्यादीत जमात लिहिलीच नाही तर पुढे जातीच्या दाखल्यासह पुरवणी जबाब द्यावा लागतो. तडवी असूनही एफआयआरमध्ये नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलंय का, हेही तपासा.