रिटर्नची तारीख बदलताना

आईचं अमेरिकेहून परतीचं विमानाचं तिकीट तीन आठवडे पुढे ढकलायचंय, चेंज फी शून्य दाखवतायत मग पैसे कसले मागतात असं विचारलंयस ना, अगं तो भाड्यातला फरक. ज्या बुकिंग क्लासमध्ये (म्हणजे इकॉनॉमीतच वेगवेगळ्या भाड्यांचे गट असतात, त्यातल्या ज्या गटात) तिकीट काढलं तो नव्या तारखेला शिल्लक नसेल तर वरच्या क्लासचे पैसे भरावेच लागतात, म्हणून एकदोन दिवस मागेपुढे करून बघ. एजंटकडून काढलं असेल तर एअरलाइन बहुतेक हात वर करते, एजंटलाच गाठ, त्याची फी वेगळी.

आमच्या सासूबाईंच्या वेळी फोनवर तारीख बदलली, ईमेल आली, आम्ही निवांत. नेवार्क विमानतळावर काउंटरवर म्हणे बुकिंग दिसतंय पण तिकीट रीइश्यूच झालेलं नाही, म्हणजे नव्या तारखेचं तिकीट काढलेलंच नाही! सासूबाई व्हीलचेअरवर, मांडीवर चॉकलेटांची पिशवी, आणि मी फोन कानाला लावून होल्डचं म्युझिक ऐकतेय. तेव्हापासून नुसत्या पीएनआरवर विसंबत नाही, १३ आकडी ई-तिकीट नंबर नवा आलाय का ते बघतेच.

आणि हो, पैसे भरण्याआधी आईची आय-९४ वरची (अमेरिकेत शिरताना होते ती प्रवेशाची नोंद) तारीख बघ, व्हिसा १० वर्षांचा असला तरी राहायची मुदत त्या तारखेपर्यंतच असते.