खासदाराने केळी-कापसावर संसदेत काय मांडलं, हे कसं तपासायचं?

प्रश्न (यावल): रावेर मतदारसंघातून केळी पीकविमा, कापूस यांवर लोकसभेत काय विचारलं गेलं ते हवंय. भाषणांच्या क्लिपा नकोत.

उत्तर १: संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या पानावर प्रश्न आणि चर्चा वेगवेगळ्या असतात. मराठीत शोधू नका, नोंदी इंग्रजी-हिंदीत आहेत. रावेरच्या खासदार रक्षा खडसे जून २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, म्हणून १६वी आणि १७वी लोकसभा (२०१४ ते २०२४) निवडा. नाहीतर पान कोरं दिसेल आणि गावभर नसता बोभाटा.

उत्तर २: नुसती प्रश्नसंख्या मोजू नका भाऊ. तारांकित प्रश्न (तोंडी उत्तराचे) दिवसाला २०च, त्यातले जेमतेम काहीच सभागृहात पुकारले जातात. पण तिथे मंत्र्याला उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित २३०, फक्त लेखी उत्तर. खरा माल उत्तराच्या परिशिष्टात असतो, राज्यवार तक्ते तिथेच. नियम ३७७ खालचं निवेदन, म्हणजे प्रश्नाबाहेर सभागृहात मांडलेला विषय, वेगळं शोधा.

उत्तर ३: खातंही बघा. कापसाचा हमीभाव कृषी खात्याकडे, पण सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळ) खरेदी वस्त्रोद्योगाकडे. केळी निर्यात, म्हणजे अपेडा (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था), वाणिज्यकडे. एकाच खात्यात शोधलं तर निम्मं सुटतं.

आणि फळपीक विम्यात शेतकरी हिस्सा साधारण ५ टक्के हे केंद्रानं ठरवलेलं. तापमान-वाऱ्याचे ट्रिगर (ज्या मर्यादेपलीकडे भरपाई लागू होते) मात्र राज्य अधिसूचित करतं. त्यावर दिल्लीचं उत्तर ठरलेलं, ‘राज्य सरकारकडे विचारा’. ते भांडण विधानसभेतलं, तिथल्या लक्षवेधी सूचना चाळा.

प्रश्नकर्ता: वस्त्रोद्योग डोक्यातच नव्हतं. बघतो.