कॅलामाइन लोशनने त्वचा कोरडी पडतेय, मदत हवी आहे

मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला घामोळ्यासारखं बारीक पुरळ आलंय. जखम नाही, पाणीही येत नाही, नुसती खाज. बाटली नीट हलवून कापसाने कॅलामाइन लावते. गार वाटतं, खाजही थांबते. पण वाळलं की गुलाबीसर पापुद्रा धरतो आणि खालची त्वचा ताणल्यासारखी होते. त्यातलं झिंक ऑक्साइड ओलावा शोषतं, म्हणजे थोडं कोरडं होणारच, हे कळतं. पण पुन्हा लावताना आधीचा थर धुवायचा, की त्यावरच लावलं तर चालतं? आणि मॉइश्चरायझर आधी की नंतर? (कोरफड सुचवू नका, मला त्याने जास्तच चुरचुरतं.) पुरळ पसरलं तर डॉक्टरांना दाखवणारच आहे. तोवर कुणी दोन्ही एकत्र वापरलं असेल तर सांगा.