अपडेट आलं की सगळंच घ्यायचं का?

कळफलक
विंडोजच्या अपडेटच्या पानावर सध्या चार गोष्टी दिसताहेत: महिन्याचं सुरक्षा अपडेट, एक 'प्रिव्ह्यू', साउंडचा ड्रायव्हर (आवाजाचा भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) आणि विंडोजची नवी आवृत्ती. माझं मत, पहिलं लगेच घ्यावं, बाकीच्यांना घाई नाही. मागे सगळं चालू असताना उगाच ड्रायव्हर बदलला आणि दोन दिवस आवाज बंद होता. तुम्ही काय करता?

धूमकेतू
साफ असहमत. येईल ते घ्यावं, आपोआप. निवडायची मुभा मिळाली की माणूस चालढकल करतो. २०१७ चं वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो प्रोग्राम, आठवा. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट १४ मार्चला आलं होतं आणि हल्ला झाला १२ मेला. मधे जवळपास दोन महिने होते! 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांच्या फायलींना कुलूप लागलं, ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या.

रातकिडा
आणि ऑक्टोबर २०१८? विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती घेतली आणि काहींच्या फायलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत वाटप थांबवावं लागलं. ज्यांनी तत्परता दाखवली तेच भरडले गेले. मी सरळ पाच आठवड्यांचा पॉज लावतो, म्हणजे तोवर अपडेटच थांबवून ठेवतो. चाचणी इतरांच्या संगणकावर होऊ दे.

कळफलक
तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय. वॉनाक्राय अडवणारं होतं सुरक्षा अपडेट, फायली पुसणारी होती नवी आवृत्ती. म्हणूनच तर निवड करायची! 'प्रिव्ह्यू'मध्येही सुरक्षेचं नवं काही नसतं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या इतर दुरुस्त्याच त्यात आधी मिळतात.
रातकिडा, पॉज लावला की सुरक्षा अपडेटही थांबतं, हे लक्षात घ्या. अपडेट बाहेर पडलं की हल्लेखोर जुन्या-नव्या फायली ताडून नेमकं काय दुरुस्त केलं ते शोधतात. म्हणजे फट जगजाहीर आणि तुमचं दार पाच आठवडे उघडं.

रातकिडा
मुद्दा मान्य, पण सुरक्षा अपडेटही धुतल्या तांदळासारखं नसतं. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरची, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागाची, फट बुजवली आणि कित्येक कार्यालयांतले नेटवर्कवरचे प्रिंटर छापेनासे झाले. शिवाय महिन्याचं अपडेट एकत्रित असतं, त्यातला नको तो तुकडा वगळता येत नाही. काम अडलं तर निस्तरायचं कोणी?

धूमकेतू
न छापणारा प्रिंटर परवडतो. अपडेटच्या इतिहासात जाऊन ते अपडेट काढून टाकता येतं. कुलूपबंद फायली कशा परत आणणार? ड्रायव्हरबाबत मात्र कळफलक यांचं पटतंय. यंत्र नीट चालत असेल तर त्याला हात लावू नये.

कळफलक
नव्या आवृत्तीसाठी थांबण्यालाही मर्यादा आहे, हे सांगायचं राहिलं. विंडोज ११ च्या होम आणि प्रो प्रकारांत एका आवृत्तीला २४ महिनेच सुरक्षा अपडेट मिळतात. मी दोन-तीन महिने थांबतो, बॅकअप घेतो, मग ती टाकतो. बिनसलंच तर साधारण १० दिवसांत मागे फिरता येतं.

रातकिडा
ठीक. पाच आठवड्यांचा पॉज एका आठवड्यावर आणतो. त्याहून खाली येणार नाही.

धूमकेतू
त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करत असाल तर आठवडाही जास्तच आहे.